बसलेली मेंढी उठवतात तसं

सगळ्यात आधी माफी मागतो. इथं लिहिणाऱ्यांना लिहिण्याची सवय आहे, मला नाही. आजवर मी लिहिलेत ते परीक्षेचे पेपर आणि स्कॉलरशिपचे अर्ज. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळं असं काही लिहावं की नाही हे विचारायलाही घरात कुणी नाही. दोनदा लिहून खोडलं. तरी पाठवतोय.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावच्या जत्रेत लोकांच्या अंगात यायचं तेव्हा मी मुद्दाम लांब जाऊन उभा राहायचो. बी.एस्सी.ला आल्यावर तर जास्तच.

आमचं गाव पालमजवळ. घरी मेंढरं आहेत. पाऊस सरला की वडील, म्हणजे आमचे आबा, कळप घेऊन सोनपेठकडं गोदावरीकाठच्या रानात जातात. लोकांच्या मोकळ्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, चार दिवसांनी दुसऱ्याच्या शेतात. आबांकडं साधा फोन आहे, पण चार्जिंगला कुणाच्या तरी घरी द्यावा लागतो. त्यामुळं हिवाळ्यात तो बहुतेक बंदच.

मी परभणीत वसमत रोडला खोली करून राहतो. वरचा मजला, पत्र्याचा दरवाजा, एकच खिडकी आणि तीही उत्तरेला. खोलीत ऊन येत नाही. दाराबाहेरच्या गच्चीवर मात्र सकाळी आठला येतं. सोबत बालाजी राहतो, सोनपेठचा.

मागच्या डिसेंबरची गोष्ट. परभणीची थंडी दरवर्षी पेपरात येते, पण मला झालं ते नुसत्या थंडीनं नव्हतं. आधी सकाळचं पहिलं लेक्चर चुकायला लागलं, मग सगळीच. अंघोळ दोन-दोन दिवसांनी. मेसचा डबा तसाच परत जायचा. झोप दहा तास व्हायची आणि उठल्यावर वाटायचं, रात्रभर कुणाच्या तरी शेतात राबून आलोय. गावाकडं आईशी बोलताना ‘बरंय’ एवढंच म्हणायचो. मला मरायचं नव्हतं, हे खरं सांगतो. मला फक्त उठायचं नव्हतं.

बालाजी क्लासला जाता जाता रोज बोलायचा.

“का रं, अंडी घातलीस का काय आथरुणात?”

मी तोंडावर पांघरूण ओढून घ्यायचो.

“लेका, येळवशीच्या अमावास्येला प्रॅक्टिकल हाय तुजं. जर्नलवर सही न्हाई, अटेंडन्स न्हाई. वर्ष जाईल बघ.”

ते मला माहीत होतं. वर्ष गेलं तर स्कॉलरशिप बंद, म्हणजे कॉलेजही बंद. मनात मी ते सोडूनच दिलं होतं. गावी जाऊन आबांच्या हातातली काठी घ्यायची, एवढं ठरवलं होतं.

अशातच एका सकाळी... बालाजी गेला होता, आठ वाजले असतील. मी कुशीवर पडलो होतो, डोळे उघडे. मागून कुणीतरी एक हात माझ्या छातीखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि मला उचललं. हिसका नाही, घाई नाही. पाय जमिनीला लागले तरी सोडलं नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून ठेवलं, माझे पाय थरथरायचे थांबेपर्यंत. ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा वास आला. मग पकड सुटली.

खोलीत कुणी नव्हतं.

घाबरून मी गच्चीवर पळालो. तिथं ऊन होतं. बराच वेळ तिथंच बसलो आणि कितीतरी दिवसांनी भूक लागली.

ती पकड मी ओळखली होती. थंडीत एखादी अशक्त मेंढी बसते आणि उठतच नाही. तशीच राहिली तर पोट फुगून मरते. आबा सकाळी आधी तिच्याकडं जातात. छातीखाली एक हात, मागं एक हात, उचलायचं, गुडघ्यात धरायचं, तोंड उन्हाकडं करायचं. तिनं पाल्याचा एक घास तोडेपर्यंत सोडायचं नाही. लहानपणापासून मी हेच बघत आलोय.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्याही. रोज आठच्या सुमारास.

एकदा बालाजी विसरलेली वही न्यायला परत आला आणि दारातच थांबला.

“ये... कशाला टेकून उभा हायस तू?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी खोलीच्या मधोमध होतो, मागं रेललेला, आणि माझ्यामागं काहीच नव्हतं. दुसऱ्या क्षणी मी धपकन खाली बसलो.

बालाजी हसला नाही. वही तशीच ठेवून त्यानं माझी चप्पल दारापाशी आणली. “चल दवाखान्यात.”

“मला काय झालंय?”

“मला काय ठावं! म्हणून तर चल म्हनायलोय.”

सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, हिवाळ्यात काही जणांचं मन असं खाली बसतं, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गोळ्या दिल्या. रोज सकाळी उन्हात बसायचं, ठरल्या वेळी जेवायचं आणि एका तरी माणसाशी खरं बोलायचं, असं सांगितलं. हातांबद्दल म्हणाल्या, झोप आणि जाग यांच्या मध्ये असे भास होतात. मला ते पटलं. आजही बरंचसं पटतं... पण बालाजी तर पूर्ण जागा होता. त्या दिवसाचं काढलं की तो अजूनही लगेच विषय बदलतो.

गोळ्या सुरू झाल्या, तरी लगेच फरक नव्हता. हात येत राहिले. मी रोज त्यांची वाट बघायला लागलो, हेही कबूल करतो. आपण काहीच करायचं नाही, कुणीतरी उचलेल.

मग येळवस आली. आमच्या भागात या अमावास्येला सगळे शेतात जाऊन पूजा करतात, सगळ्या भाज्यांची भज्जी आणि आंबील खातात. बालाजी सणाला गावी गेला. खालचं घरही रिकामं. अकराला माझं प्रॅक्टिकल.

आठ वाजले. हात आले नाहीत.

साडेआठ झाले. नऊ. पडल्या पडल्या एकदम वाटलं, आबांना काही झालं. फोन लावला, बंद. आईला लावला. तीही म्हणाली, “धा-बारा रोज झाले, काईच खबर न्हाई रं.”

ती भीती मला आडवं पडू देईना. आधी कोपर टेकला, मग गुडघा. भिंत धरली. उभा राहिलो तेव्हा पाय त्या पहिल्या सकाळसारखेच थरथरत होते, आणि धरायला कुणी नव्हतं. गच्चीवर जाऊन भिंतीला पाठ लावली, तोंड उन्हाकडं केलं. डब्यातली कालची पोळी कोरडीच खाल्ली. प्रॅक्टिकलला उशिरा पोचलो. सर रागावले, पण बसू दिलं.

त्यानंतर हात कधीच आले नाहीत. गोळ्या चालू आहेत, सकाळी आठला गच्चीवर जातो, बालाजीशी खरं बोलतो. थकवा पूर्ण गेलेला नाही.

येळवशीनंतर चौथ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आबा होते, एका शेतकऱ्याच्या फोनवरून.

“फोन पान्यात पडला माजा. तू बरा हायस का?”

मी नुसतंच ‘आबा, आबा’ करत राहिलो. त्यांना वाटलं आवाज पोचत नाही, म्हणून ते ओरडून आपलंच सांगत राहिले.

“आरं, तुजी काळतोंडी बसली व्हती!”

काळतोंडी ही आमची एक मेंढी, कोकरू असतानाच आई मेलेली. मी दहावीत असताना तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

“मेली?” मी विचारलं.

“ऐक तरी. येळवशीपतुर धा-बारा दिस रोज सकाळी तिला उचलायलो व्हतो. हात भरून आले माजे. येळवशीला ह्या मालकानं जेवायला बलावलं, तवा म्हनलं, बास आता. मरंल तर मरंल. तुला खोटं कशाला सांगू, त्या दिशी म्या तिला हात लावला न्हाई.”

“मग?”

“मग काय... जेवून आलो तं उभी! बांधाला आंग टेकून, उनाकडं तोंड करून. आपली आपण उठली बघ.”