छत्रीतला चौक

"गप बसा जरा. तिथं सकाळ व्हायलीय."

असं म्हणून तो हातातला स्क्रू ड्रायव्हर ओठांवर आडवा धरायचा. आमच्याकडे सकाळचे अकरा वाजलेले, रस्त्यावर पालमची एसटी हॉर्न वाजवत उभी, माझ्या किराणा दुकानात गिऱ्हाईक तेलासाठी ओरडतंय, आणि हा गडी मला सांगतोय, सकाळ व्हायलीय. कुठं? तर त्याच्या खोलीतल्या टीव्हीत.

सगळे त्याला मिस्तरी म्हणत. रेडिओ, टेप, पुढं टीव्ही, जे बंद पडेल ते तो चालू करायचा. माझ्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे त्याची खोली. ती खोली त्याला एका मुसलमान चाचांनी दिली होती. त्याआधी तो माझ्याकडे आला होता. माझी मागची खोली रिकामी होती, धूळ खात पडली होती. मी म्हणालो, "पाहुणे येणार आहेत." तो म्हणाला, "बरं अप्पा." पाहुणे आजतागायत आलेले नाहीत. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग बांधतो, माणसामाणसात भेद नाही असं भजनात घसा फोडून म्हणतो. आणि पूर्णेकडच्या खेड्यातल्या बौद्धवाड्यातला माणूस दारात उभा राहिला की आमच्याकडे लगेच पाहुणे येतात.

पुढं त्यानं चाचांच्या गच्चीवर उपग्रहाचं चित्र पकडायची छत्री उभी केली. बारा फुटांची, लोखंडी पट्ट्यांची, वर बारीक जाळी. ठोकून वाकवून सगळी हातानं केलेली. हैदराबादहून एक पेटी आणली नि ती टीव्हीला जोडली. गावानं भरपूर चेष्टा केली. "मिस्तरी, एवढ्या चाळणीत काय चाळणार?" "लेकाचा आभाळाला फास लावायलाय." तो हसायचा आणि नट आवळत राहायचा.

तीन आठवड्यांनी चित्र आलं. गाव लोटलं. लोकांना वाटलं, सिनेमा लागणार, निदान क्रिकेट तरी. दिसला एक चौक. रशियाकडचा असावा, असं मिस्तरी म्हणायचा, पण नाव त्यालाही कळलं नाही. कुणीतरी उंच इमारतीच्या खिडकीत कॅमेरा ठेवून दिलेला. आवाज नाही, बातम्या सांगणारी बाई नाही. चौक, ट्रामचे रूळ, बर्फ आणि येणारी-जाणारी माणसं. रोज दोन-अडीच तास हेच दिसायचं, मग तिथला कार्यक्रम सुरू व्हायचा आणि मिस्तरी टीव्ही बंद करायचा.

"यात काही होत तर न्हाई," सरपंच वैतागून म्हणाले. "गाणं लाव की."

"व्हायलंय की," मिस्तरी म्हणाला. "ती बाई बघा, कुत्रं घेऊन चाललीय. ही गोष्ट आत्ता व्हायलीय, सरपंच. या घटकेला. तिला ठाऊक बी न्हाई आपण बघायलोय."

सरपंच उठून गेले. हळूहळू सगळेच गेले. मी मात्र राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या चौकाचं वेड लागलं. दुपारपर्यंत धंदा मंद असायचा, मी रस्ता ओलांडून त्याच्या दारात स्टूल टाकून बसायचो. दारातच. आत त्यानं कितीदा बोलावलं. मी म्हणायचो, दुकानावर लक्ष ठेवायचंय. तो चहा करायचा, मी म्हणायचो, आत्ताच झाला. चहाचं त्यानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर स्टूल उचलून रस्त्यावर फेकलं असतं.

त्या चौकात एक जाडजूड म्हातारी रोज बर्फ झाडायची. आम्ही तिला आत्या म्हणायचो. आत्या उशिरा आली की मिस्तरी अस्वस्थ व्हायचा. "अप्पा, आत्याला बरं न्हाई का काय?" मी म्हणायचो, "पाहून ये जा." मग ती यायची, झाडू टेकवून कंबर धरायची, आणि आम्ही दोघं मोठ्यांदा हसायचो.

टीव्हीखाली त्याची एक वही असे, बाहेरगावी जाताना ती पिशवीत असायची. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. चौकात जे दिसेल ते तो त्यात लिहायचा. आपल्या घड्याळाची वेळ, मग मजकूर. 'सकाळी साडेअकरा. लाल टोपीची पोरगी ट्रामच्या मागं पळाली. ट्राम थांबली.' खाली, दस्तावर साक्षीदार लिहितात तसं, 'पाहणार' असं लिहून सही. रोज.

"हे कोण वाचणार, मिस्तरी?"

"कुणी विचारलं तर असावं."

एक दिवस आत्या बर्फावरून घसरून पडली. आम्ही दोघं उभे राहिलो. चौकातले चार जण पळत आले, एकानं टोपी काढून तिच्या डोक्याखाली ठेवली, दुसऱ्यानं ट्राम अडवली. मिस्तरी टीव्हीच्या काचेजवळ गेला. "बघा. सगळे धावले," तो म्हणाला. मग त्यानं वही उघडली, पण लिहिलं नाही. त्या दिवशी त्यानं मला त्याच्या घराचं सांगितलं.

विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला त्या साली त्याच्या गावात बौद्धवाडा जाळला. भरदिवसा. त्याचं घर पहिलं. समोर देवळाच्या पारावर अर्धं गाव उभं होतं. ज्यांच्या शेतात त्याच्या बापानं हयात घालवली ते सगळे उभे होते. पुढं चौकशी झाली तेव्हा कुणीच तिथं नव्हतं. कुणी लेकीच्या गावाला गेलं होतं, कुणी तापानं पडलं होतं. एक जण म्हणाला, माझ्या डोळ्यात कुसळ गेलं होतं.

"माझा बाप त्याच्याकडंच बघत राहिला," मिस्तरी म्हणाला. "घर गेल्याचं त्याला एवढं लागलं न्हाई अप्पा. 'आमी काही बघितलं न्हाई' म्हणाले सगळे, हे लय लागलं. त्यातच गेला." मग चौकाकडे बोट करून म्हणाला, "ह्यो कॅमेरा तोंड फिरवत न्हाई. मला तेवढंच बरं वाटतं."

मला वाईट वाटलं. मी म्हणालो, "हलकट माणसं." फार जोरात म्हणालो. दुसऱ्याच्या गावातल्या माणसांना शिव्या घालायला काय लागतं?

मग ती संक्रांत आली. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय त्याच दिवशी जाहीर झाला. सोळा-सतरा वर्षं चाललेलं भांडण. मिस्तरीनं आमच्या रांगेतल्या प्रत्येक दुकानात तिळगूळ वाटला. मी घेतला आणि गल्ल्याजवळ ठेवला. खाल्ला नाही. दुकानात बसलेला माझा मेव्हणा म्हणाला, "लय माज आलाय. वर छत्री लावून बसलाय राजासारखा." मी बायकोच्या भावाला काय बोलणार, म्हणून हसलो.

तिसऱ्या दिवशी मिस्तरी टीव्ही दुरुस्तीला पालमला गेला होता. चाचा नांदेडला लेकीकडे. मी दुकानात साखरेची पुडी बांधत होतो. चौघं जण लोखंडी सब्बल घेऊन चाचांच्या गच्चीवर चढले. त्यातला एक माझा मेव्हणा. त्यांनी आधी जाळी फाडली, मग पट्ट्या वाकवल्या, मग खांब उपटून सगळी छत्री रस्त्यावर ढकलली. घाई कुणालाच नव्हती. रस्त्यावर माणसं होती, ती आपापल्या वाटेनं गेली. मी पुडीचा दोरा हातात धरून उभा होतो. हाक मारली असती तर मेव्हणा थांबला असता. माझा शब्द तो मोडत नव्हता. मी हाक मारली नाही.

खाली उतरल्यावर तो दुकानापाशी आला. "भाऊजी, तुमी काही बघितलं न्हाई." मी मान डोलावली.

दुपारी जमादार आला. मिस्तरीनं तक्रार दिली होती. पंचनाम्याला दोन पंच पाहिजेत. मिस्तरी वाकलेल्या पट्ट्यांमध्ये उभा होता, कपडे धुळीनं भरलेले. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. हे मी विसरू शकत नाही.

"साहेब, अप्पांचं दुकान अगदी समोर हाय. त्यांना विचारा."

जमादारानं विचारलं. मी म्हणालो, "वाऱ्यानं पडली असेल."

जमादाराला तेच हवं होतं. तो लिहू लागला. मिस्तरी माझ्या जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "अप्पा, वारा हुता?"

संक्रांतीचे दिवस. रानात ज्वारी हुरड्याला आलेली, ताटाचं पान हलत नव्हतं.

"होता," मी म्हणालो आणि सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. मी वळणदार सही केली. दुसरी सही शेजारच्या न्हाव्यानं केली, त्यानं तर मजकूर वाचलाही नाही.

मिस्तरी म्हणाला, "बरं अप्पा." खोली नाकारली होती तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

आठ दिवसांत त्यानं सामान आवरलं. चाचा नांदेडहून परतले होते. जाऊ नको म्हणून ते त्याच्या हातापाया पडले, मला येऊन नको नको ते बोलले, आणि ते सगळं खरं होतं. जायच्या सकाळी मिस्तरी माझ्या दुकानात आला. निळी वही गल्ल्यावर ठेवली. "तिथली माणसं हायत त्यात. आत्या बी हाय. तुमी बी बघितलीय सगळी, म्हणून तुमच्याकडं ठेवतो." मग एसटीत बसला. कुठली एसटी ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

वही मी पोत्यांमागं टाकली. मेव्हणा दिवाळीला येतो, माझ्या बायकोच्या हातची करंजी खातो, पुढाऱ्यांबरोबर फोटो काढतो. त्याच्या पानात तूप मी वाढतो. माझ्याच हाताचा मला संताप येतो, पण वाढतो.

गेल्या महिन्यात दुकान लेकाकडे देताना वही सापडली. वाचत बसलो. ट्राम, लाल टोपी, आत्या, आत्याचा नवा झाडू. शेवटच्या पानावर चौक नव्हता.

'सकाळी सव्वाअकरा. लवकरच्या एसटीनं परत आलो. थांब्यावर उभा हाय. चाचांच्या गच्चीवर चौघं. सब्बलीनं छत्री तोडायलेत. समोर दुकानात अप्पा. हातात पुडी. तोंड इकडंच. अप्पा बघायलेत. वारा न्हाई.'

म्हणजे जमादाराला 'अप्पांना विचारा' म्हणाला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या एकट्याच्या सांगण्याला जमादारानं किंमत दिली नसती. 'वारा हुता का' हे त्यानं मला कशासाठी विचारलं, ते तुम्हीच समजा. एकदा नाही, दोनदा संधी दिली त्यानं मला.

खाली 'पाहणार' लिहिलं होतं. पुढं सही नव्हती. प्रत्येक पानावर आहे, त्या पानावर नाही. जागा सोडली होती.

परवा मी तिथं माझी सही केली. वळण वगैरे काही आलं नाही. वही उघडी ठेवून मी दुकानात बसून राहिलो, पण आता विचारायला कोण येणार?

तुम्ही निदान ऐकून ठेवा. वारा नव्हता.