नाकावरची काच

माझं नाक लाल होतं. नुसतं नाक नव्हे, दोन्ही गालांवर बारीक लाल रेघांची जाळी, आणि कपाळावर वांगाचे तपकिरी डाग. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे मी दिवसभर उन्हात मोजमापं घेत उभा असे. सकाळी हजेरीला गेलो की उत्तरेकडचा फोरमन डोळा मारायचा, "सुबह-सुबह चढा ली क्या?" दारूबंदीचे दिवस, ताडीचा मुलूख आणि असलं नाक! मी थेंबालाही शिवलो नव्हतो, पण चिंचणीत हे खरं मानणारी माणसं दोनच, मी आणि आई. त्यातही आईचा विश्वास अधूनमधून डळमळायचा.

अशात माकुणसारची एक मुलगी पाहून आलो. ती मला आवडली, अगदी मनापासून आवडली. तिनेही होकार दिला होता. पण आठवड्याभरात तिच्या वडिलांचा निरोप आला, "पोरगा बरा हाय, पन नाक सांगतंय काय ते. पिनाऱ्याला आमी मुलगी देनार नाय."

मी तडक पालघरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेची पट्टी माझ्या गालावर दाबली आणि हातात आरसा दिला. काचेखालची लाली गायब! काच उचलली की पुन्हा हजर.

"हे फुगलेल्या शिरांतलं रक्त. दाबलं की सरकतं," डॉक्टर म्हणाले. मग काच कपाळावर दाबली. डाग जागचा हलला नाही. "हा उन्हानं कातडीत बसलेला रंग. दाबून जात नाही."

"आणि दारू?"

"असलं नाक दारूनं होतं, न पिताही होतं. ते काच नाही सांगत, बुवा."

हे शेवटचं वाक्य मी पालघरलाच सोडलं आणि मामाला घेऊन माकुणसार गाठलं. ओटीवर सगळे जमले. मी काचेचा पेला मागून घेतला, नाकावर दाबला, लाली घालवली, परत आणली. मग कपाळावरचा उन्हाचा डाग दाबून दाखवला. मंडळी खूश झाली, पण मुलीचे वडील बधले नाहीत.

"रक्त हाय, ते कबूल. पन ते पिऊनच चढतं ना?"

मामा चपला शोधू लागला. इतक्यात आतल्या दारातून ती म्हणाली, "बाबा, तुमी पन लावून बघा ना."

तेव्हा कुठे मी त्यांच्या नाकाकडे नीट पाहिलं. माझ्या नाकाचा थोरला भाऊच तो! वाडीतल्या उन्हानं नाक असं झालं, असं ते घरात सांगत आले होते. आता चारचौघांत नाही म्हणता येईना. त्यांनी पेला दाबला. लाली साफ गेली.

मुलीची आई शांतपणे म्हणाली, "मंग ऊन नाय."

वडिलांनी पेला खाली ठेवला, घसा खाकरला. "हा शिरांचा रोग हाय," ते ठासून म्हणाले. "पिन्याशी काय संबंध नाय. डॉक्टर का खोटं बोलंल? पोराचा काय दोस?" आणि तिथल्या तिथे त्यांनी सुपारी फोडायला लावली.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच सासरे मला वाडीत घेऊन गेले. ताडाखाली मडकं झाकून ठेवलेलं, शेजारी दोन पेले.

"घ्या जावईबापू. आपला रोग एकच."

मी हात जोडले. "मी खरंच घेत नाही."

त्यांनी माझं नाक बराच वेळ निरखलं. हातातला पेला तसाच राहिला.

"अरे देवा," ते कळवळून म्हणाले, "म्हंजे तुमाला खरोखरचा रोग हाय?"