समासातला निळा अंगठा

प्रति: ग्रंथपाल साहेब. अर्जदार: मी, शाहूपुरीतील अर्जलेखक. दिनांक: गेला मंगळवार. साक्षीदार: विद्यापीठ ग्रंथालयातील खिडकीजवळचा बाक. संबंधित इसम: जुनी वर्तमानपत्रे संगणकात जतन करणारे गृहस्थ, ज्यांचे नाव मी आजवर विचारलेले नाही.

सदर गृहस्थ दाढीच्या ब्रशने प्रत्येक पान झाडतात आणि यंत्राला म्हणतात, "हं, चल बाई फुडं." मला पाहताच ओरडतात, "या पावणं, आज कुणावर अर्ज?"

मंगळवारी पडद्यावर आलेल्या पानाच्या समासात निळा अंगठा उमटलेला होता, जुन्या जखमेच्या तिरप्या रेघेसह. तो माझ्या वडिलांचा. तेही अर्जलेखक, शाईच्या बोटांनीच ते या बाकावर वाचत बसत. मी तसे सांगितले.

पडद्यावरचे डाग पुसणारा सदर गृहस्थांचा हात थांबला. "सायबांस्नी समदी पानं सोच्छ पायजेत," ते पुटपुटले. मग हसले. "पर म्हातारं बसलंय की हितं. बसू दे."

पान तसेच जतन झाले. आता तपासणीत ते डागामुळे नापास होऊन पुसण्यासाठी परत येईल, असे ऐकतो. मूळ अंक तर कपाटात कायमचे बंद होणार आहेत. तरी माझ्या वडिलांना त्यांच्या जागेवरून उठवू नये आणि सदर गृहस्थांस बोल लावू नये, ही नम्र विनंती. उत्तर लेखी मिळावे.