नत्थुजींची चिकटपट्टी

नत्थुजी टाले यांनी सारी नोकरी अकोल्याच्या एसटी डेपोत काढली. गाड्यांची वायरिंग बघणं हे त्यांचं काम. बंद गाडी सुरू करण्यात इतरांना समाधान वाटायचं, नत्थुजींचा जीव मात्र सुरू असलेल्या गाडीत अडकलेला असायचा. ही अजून बरी चालेल, असं त्यांना नेहमी वाटायचं. घरीही तेच. एकदा त्यांनी सुभद्राबाईंच्या शिलाई मशीनला कुठली तरी जबर मोटर बसवली. मशीन अशी धावली की सुई बाईंच्या बोटातून आरपार गेली. त्यानंतर बाईंनी मशीन कुलपात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली.

त्यांची एकुलती मुलगी रागिणी. ती पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असताना नत्थुजी दर्यापूरला एका लग्नाला गेले आणि परत येताना तिचं लग्न ठरवूनच आले. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, त्यांनी तिथल्या तिथं शब्द दिला. रागिणी अमरावतीला नांदायला गेली. संसार काही वर्षं रेटला गेला, मग दोघं रीतसर वेगळे झाले. मारझोड नव्हती, व्यसन नव्हतं. दोघांना एकमेकांशी बोलायला काही नव्हतं, इतकंच.

अमरावतीत राजापेठेतल्या एका इंजिनीअरकडे ती घरांचे नकाशे काढायची. माहेरी जाते म्हटल्यावर साहेबांनी काम चालू ठेवलं आणि ऑफिसातला बाजूला काढलेला जुना कॉम्प्युटर तिला देऊन टाकला. दोन बॅगा आणि तो डबा घेऊन ती अकोल्याला आली. नत्थुजींनी डबा जीपमधून उतरवून घेतला, समोरच्या खोलीत टेबल लावून दिलं आणि तिला काहीच विचारलं नाही. तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते.

साधे नकाशे त्या मशीनवर निघायचे. पण गिऱ्हाइकांना आता घर सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचं असतं. रागिणी पडद्यावर घर फिरवायला गेली की ते अर्ध्यावर थिजायचं. ती हात मांडीवर ठेवून वाट बघत बसायची. नत्थुजी दारातून हे बघायचे. त्यांना ते बघवत नसे.

दुपारी मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता त्यांना एक युक्ती सापडली. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, काडेपेटीपेक्षाही लहान चौकोन. त्याच्या तळाला शेकडो सोनेरी ठिपके. प्रोसेसरनं किती वेगानं चालायचं, हे तो ज्यावर बसतो त्या मदरबोर्डला त्यातल्या काही ठिपक्यांवरून कळतं. जुन्या काही प्रोसेसरांमध्ये त्यातला नेमका एक ठिपका चिकटपट्टीनं झाकला, की मदरबोर्डची फसगत होते. तो वरच्या दर्जाचा प्रोसेसर समजून वेग वाढवतो. रागिणीचा प्रोसेसर त्याच जातीचा होता. दोन पूर्णांक चार गिगाहर्ट्झचा तीनवर जाणार होता. त्यांनी जेवताना विषय काढून बघितला. रागिणीनं मान वर न करता सांगितलं, माझ्या मशीनला हात लावायचा नाही.

जानेवारीत ती कामासाठी अमरावतीला गेली, त्या दिवशी नत्थुजींनी डबा उघडला. पंखा काढला, खटका उचलून प्रोसेसर बाहेर घेतला. ब्लेडनं चिकटपट्टीचा कण कापला, भिंग धरलं आणि चिमट्यानं तो त्या एका ठिपक्यावर बसवला. त्यांची बोटं आता थरथरायची, त्यामुळे कण पुन्हा पुन्हा सरकला. शेवटी बसला. प्रोसेसर आणि पंख्याच्या मधला, उष्णता ओढून नेणारा लेप वाळून खपली झाला होता. नवा लावायला हवा, हे त्यांना माहीत होतं. घरात तो नव्हता आणि दुकानापर्यंत जायचा धीर नव्हता. त्यांनी तसाच पंखा बसवला आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं, पडद्यावर तीनचा आकडा आला. सुभद्राबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्यांना काय झालं ते कळलं नाही, पण नवरा एकटाच हसतो आहे हे दिसलं.

रागिणी परतल्यावर घर फिरवू लागली, ते सलग फिरलं. साहेबांनी नवं सॉफ्टवेअर दिलं त्याचा गुण असेल, असं ती आईला म्हणाली. नत्थुजी पेपर वाचत राहिले. तो हिवाळा त्यांचा फार सुखात गेला.

एप्रिल लागला आणि मशीन मधेच बंद पडू लागलं. आधी दिवसातून एखाद्या वेळी, मग तासातासाला. रागिणीनं विजेला दोष दिला, साहेबांच्या सॉफ्टवेअरला दिला, स्वतःला दिला. नत्थुजींना कारण माहीत होतं: वाढलेल्या वेगानं प्रोसेसर तापत होता. आज सांगू, उद्या सांगू करत त्यांनी घरातला कूलर मशीनकडे वळवून ठेवला.

“माणसं इथं उकडून राहिले अन् मशीनले कूलर,” सुभद्राबाई म्हणाल्या.

एका दुपारी जवळजवळ पूर्ण झालेलं घर पडद्यासकट गेलं. सकाळपासूनचं काम पुसलं गेलं. रागिणीनं डबा उचलला, ऑटोत घातला आणि बस स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं प्रोसेसर उलटा केला, भिंगातून बघितला आणि विचारलं, ही पट्टी कोणी लावली? तिला विचार करावा लागला नाही.

ती घरी आली तेव्हा नत्थुजी ओसरीवर होते. तिनं डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“मले विचारलं काहून नाही तुमी?”

“तू नाही म्हटलं होतं.”

“तेच तर. नाही म्हटलं होतं.” तिनं पायातल्या चपला काढल्या. “लग्नाच्या वेळी तर तेवढंबी नाही विचारलं.”

सुभद्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांनी नवऱ्याची बाजू घेतली नाही. इतक्या वर्षांत त्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. रागिणी आत गेली. रात्री नत्थुजी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात जाऊन लेपाची ट्यूब घेऊन आले. रागिणीच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, “पट्टी काढतो. तू बसशील काय समोर?” ती बसली. त्यांनी पट्टी सोलली, खपली खरवडून पुसली, नवा लेप लावला. उठताना ते म्हणाले, “त्या वेळी दर्यापुरात सगळे माह्याकडे पाहून राहिले होते. मले वाटलं, चांगलंच करून राहिलो. तुले विचारायचं असते, हे डोक्यातच नाही आलं.”

संध्याकाळचा चहा रागिणीनं त्यांच्यासाठी केला.

मशीन आता बंद पडत नव्हतं, पण पुन्हा घर अर्ध्यावर थिजू लागलं. आठवडाभर तिनं ते सोसलं. मग एका सकाळी ती भिंग आणि ब्लेड घेऊन नत्थुजींसमोर आली आणि कोणता ठिपका, ते दाखवा म्हणाली. पट्टी तिनं लावली. तिचा हात स्थिर होता, एका झटक्यात कण बसला. नत्थुजींनी टॉर्च धरला होता. नव्या लेपावर आणि भंगारातून आणलेल्या मोठ्या पंख्यावर मशीननं मे महिना काढला. उष्णता किती झाली तो आकडा ती मधून मधून मोठ्यानं वाचायची आणि नत्थुजी आतल्या खोलीतून हूं म्हणायचे.

पुढल्या वर्षी कामं वाढली, रागिणीनं नवा कॉम्प्युटर घेतला आणि अमरावतीत खोली केली. एकटीनं राहायचं तिनं ठरवलं आणि घरी तसं सांगितलं. सुभद्राबाई रडल्या. नत्थुजींनी सामान गाडीत चढवलं.

जुनं मशीन त्यांच्याकडे राहिलं. त्यांनी त्याचे आणखी दोन ठिपके जोडून बघितले, या वेळी प्रोसेसरला जास्त वीज मिळावी म्हणून. प्रोसेसर कायमचा गेला. त्यांनी लगेच फोन लावला.

“बाई, मारून टाकलं म्या त्याले.”

रागिणी साइटवर होती, मागे सिमेंटच्या मिक्सरचा आवाज येत होता. तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती बराच वेळ हसली, मग रविवारी जेवायला येते म्हणाली.