उपाशीची पाटी

वॉर्डात मी फार शिस्तीची सिस्टर म्हणून प्रसिद्ध होते, आणि माझा सगळ्यात मोठा गाढवपणा त्याच काळातला. मी ऑपरेशनच्या पेशंटांच्या वॉर्डची इन्चार्ज. एका प्रशिक्षणात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, पेशंटला आदल्या रात्रीपासून कोरडं ठेवू नका. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे अभ्यासांतून सिद्ध झालंय. मला पटलं. परत येऊन टपोऱ्या अक्षरात नियम लिहिला, कसबा पेठेतून त्याला फ्रेम करून आणली, भिंतीवर टांगली. वहीत सगळ्या सिस्टरांच्या सह्या घेतल्या. वहीला खाकी कव्हरही घातलं. झाली की नवी पद्धत लागू.

कॉटच्या पायथ्याला अडकवायच्या ‘उपाशी’ लिहिलेल्या पत्र्याच्या पाट्या मात्र राहिल्या. नुकत्याच मागे लागून लाल रंगवून घेतल्या होत्या, इतक्या सुरेख पाट्या काढायच्या कशा? आणि दोन तास आधी म्हणजे किती वाजता, हे वॉर्डाला कोण कळवणार, हा प्रश्न या हुशार बाईला सुचलाच नाही.

यंदा आमचे हे बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं. वय ब्याऐंशी. नेलं माझ्याच जुन्या वॉर्डात. ऑपरेशन नऊला म्हणाले होते. नऊचे अकरा झाले, अकराचे दोन. समोर भिंतीवर माझी फ्रेम, पायथ्याला माझी पाटी, आणि मध्ये हे, ओठ चिकटलेले.

“अगं, घोटभर दे.”

सिस्टर माझ्या नातीच्या वयाची. तिला म्हटलं, “त्या भिंतीवर काय लिहिलंय, वाचलंत का?”

“वाचलंय आजी. सहीपण केलीये.”

“मग द्या की पाणी.”

“आत्ता दिलं आणि वरून, थिएटरमधून, लगेच बोलावलं, तर ऑपरेशन उद्यावर जाईल. मग तुम्हीच मला बोलाल.”

“वर फोन करून वेळ विचारा.”

“दोनदा केला. तयार ठेवा म्हणतात.”

हेच ‘तयार ठेवा’ मी वर्षानुवर्षं लोकांना ऐकवलं होतं, त्यांच्या हातातले तांबे काढून घेत.

पाण्याची बाटली माझ्या पिशवीतच होती. हात दोनदा तिच्याकडे गेला. पण लगेच बोलावलं तर? उद्या पुन्हा हेच, मोडक्या हाडानिशी? कापसाचा बोळा ओला करून ओठांना लावला. यांनी तो चोखायला सुरुवात केली तशी मी काढून घेतला. सवय. थोड्या वेळाने हे स्वारगेटची बस चुकेल म्हणू लागले, माझ्याकडे परक्या बाईकडे पाहावं तसं पाहत. मी पिशवी मांडीवर धरून नुसती बसून राहिले.

साडेतीनला नेलं. ऑपरेशन नीट झालं.

दुसऱ्या दिवशी हे भानावर आले. चमच्याने पाणी पाजताना मी कबूल केलं, फ्रेमही माझी, पाटीही माझीच. यांनी पाटीकडे बघून घेतलं आणि म्हणाले, “तू रोज घरी येऊन सांगायचीस, आज वॉर्डात सगळं शिस्तीत झालं. मला वाटायचं, वा. शिस्तीत म्हणजे काय ते काल समजलं. दे, अजून एक चमचा दे.”