एक सायकल, दोन जवाई

किन्हीराजा गावच्या आमच्या सासऱ्यांच्या गळ्यात एका साहेबानं बदलीवर जाताना आपली जुनी सायकल मारली. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, पहिल्याच दिवशी तिच्यावर बसले आणि थेट उकिरड्यात उतरले. अंग धुऊन आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की सायकल जवायाला द्यायची. पंचाईत एवढीच, की जवाई आम्ही दोघं होतो, मी आणि माझा साडभाऊ, म्हणजे साडू.

मी वाशीमजवळचा बागाईतवाला. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं डोक्यावर घेऊन दर बाजाराला पायी जायचो, आणि पोचेपर्यंत मेथी माझ्याहून जास्त दमलेली असायची. सायकल मला पाहिजेच होती. मागं टोपलं बांधलं की ऊन चढायच्या आत बाजारात! साडभाऊ मात्र जमीनदाराचा लेक. घरी बैलांची दमणी, दारात घोडी, तरी याला सणासुदीला मिरवायला सायकल हवी. असा राग यायचा मला त्याचा, की विचारू नका.

मामाजींनी तोड काढली. "जऊळक्याच्या टेशनावर जा, रूळ ओलांडा, आन कोनत्याबी वाटेनं डोंगर पार करून गावात या. पाराले पयलं चाक लावन त्याची सायकल. पन ज्याचा पाय भुईले लागला, तो हरला. सगळीकडं माह्ये लोक हायेत, मले खबर लागतेच."

शर्यतीसाठी साडभाऊनं वाशीमहून आणखी एक सायकल भाड्यानं आणली. ती साहेबाच्या सायकलीपेक्षा बरी निघाली, म्हणून ती त्यानं स्वतःलाच ठेवली.

आता आम्हाला भीती डोंगराची नव्हती, वडीलधाऱ्यांची होती. आमच्याकडं वडीलधारा माणूस समोर आला की वाहनावरून खाली उतरून रामराम घालायचा. त्यात जवायानं तर उतरायचंच. सासरकडचं कोणी दिसलं आणि जवाई तसाच बसून पुढं गेला, तर ती गोष्ट तीन पिढ्या पुरते. म्हणजे दोघांनी मिळून वाटच अशी शोधायची, की जिच्यावर आपलं कोणी नाही.

सारवलेल्या अंगणात आम्ही कोळशानं रस्ते काढले आणि ज्वारीच्या दाण्यांचे डोंगर रचले. साडभाऊनं सडकेवर बोट ठेवलं. "इकून जाऊ."

"ना बा! तिथं माही आत्या हाय. ते उतरवन, जेवू घालन, आन वरून मुक्कामाले ठेवून घेईन."

"मंग नाल्याकडून?"

"तिकडं तुमचा मामा."

"हाव रे! तो तं दिवसभर वट्ट्यावरच बसून राह्यते."

असं एकेक गाव खोडत गेलो. चांगला रस्ता दिसला, की त्यावर कोणी ना कोणी नातलग बसलेलाच! शेवटी एकच वाट उरली, डोंगराच्या छातीवरून सरळ वर जाणारी.

"इथं आपलं कोनीच नाही!" साडभाऊ खुश.

"काहून?"

"इथं कोनी राह्यतच नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंची कोंबडी आली आणि अख्खा डोंगर टिपून गेली. आम्ही तो शुभशकुन मानला. काय म्हणावं आता आम्हाला!

जऊळक्याला गाडी टेशनात असतानाच निसटायचं ठरलं होतं, कारण तेव्हा सगळे गाडीकडं पाहत असतात. गाडीला झाला उशीर, आणि फाटकापाशी आमचे चुलत सासरे उभे! "तोंड झाका!" साडभाऊ ओरडला. आम्ही उपरणी डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढली आणि दणादण पायडल मारले. मागून आवाज आला, "अवो, ह्या कोनाच्या सुना हो, सायकलीवर?" हसता हसता माझा पाय टेकता टेकता राहिला.

डोंगरानं मात्र नाकी नऊ आणले. साडभाऊ देवाचं नाव घेत होता आणि मी साडभाऊच्या नावानं शिव्या घालत होतो. अर्ध्या चढावर मी एका बोरीची फांदी धरून तसाच लटकलो, पाय पायडलवर ठेवून.

"हे चालते काय?" साडभाऊनं विचारलं.

"पाय भुईले लागला काय? मंग!"

तेव्हा त्यानंही माझा खांदा धरला. काटे टोचत होते, पण शर्यतीत एवढा आराम दुसरीकडं कुठं मिळाला नाही. पुढच्या उतारावर ब्रेक नावालाच होते आणि पायानं थांबायची सोय नव्हती. दोघंही बोंबलत, तुरीच्या शेताच्या धुऱ्या-बांधांवरून उड्या खात गावात शिरलो.

पार दिसला. मी चाकभर पुढं होतो. मनात तर टोपलं बांधूनसुद्धा झालं होतं. आणि पारावर बसलेले कोण? मामाजी! डोक्याला पांढरं पागोटं, हातात अडकित्ता. मुलखातले सगळे वडीलधारे टाळले आणि नेमके हेच विसरलो! विचार करायला वेळच मिळाला नाही. पाय आपसूक खाली आला. शेजारी खडकन आवाज झाला, पाहतो तर साडभाऊही उतरलेला. दोघांनी हात जोडले. "रामराम, मामाजी."

मामाजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "उतरले दोघंबी? बरं झालं. चला जेवाले." सायकल त्यांनी आपल्या ओसरीत नेऊन उभी केली, ती केलीच.

पुढच्या बाजाराला टोपलं पुन्हा माझ्या डोक्यावर. खरं सांगतो, मला रडू येत होतं. मागून दुसरं टोपलं घेऊन बायको येत होती, फिदीफिदी हसत.

"हासून काय राह्यली? चाकभर पुढं होतो मी! पाय टेकला नसता तं सायकल आपली होती."

"सायकल भेटली असती," ती म्हणाली. "पन बा घरी म्हने, जो जवाई माह्यासमोर न उतरता बसून येईन, त्याले सायकल देतो, पोरगी नांदाले पाठवत नाही."

मी जागच्या जागी थांबलो. "तुले हे आधीपासून ठाऊक होतं?"

"हाव."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"मलेबी पाह्यचं होतं, तुमी उतरता का नाही," ती म्हणाली, आणि टोपलं सावरत माझ्या पुढं निघून गेली.