अकरापर्यंतची शांतता

धाकटे पहिल्यांदा रंगमंचावर आले ते आठ महिन्यांचे असताना, कापडी बाहुलीच्या जागी. बाहुली उंदरांनी कुरतडली होती आणि घरात मूल तयार होतं. पुढे ते त्याच नाटकात शाळकरी मुलगा झाले, मग निरोप्या, मग धाकटा भाऊ, आणि थोरल्यांचे, म्हणजे वडिलांचे, गुडघे गेले त्या वर्षी नायक. थोरल्यांचा कोट त्यांच्या अंगावर चढला. खांद्यात तो दोन बोटं सैल होता. शिंपी आत घ्यायला निघाला तर थोरले म्हणाले, कोटाला हात लावू नका, अंग भरेल. तेवीस वर्षांत अंग काही भरलं नाही. धाकटे खांद्यांत कापूस भरू लागले.

घराण्याचं नाटक एकच, आणि त्यातली एकच जागा बघायला लोक येत. तिसऱ्या अंकात घर सोडून गेलेला नवरा वीस वर्षांनी परततो. बायको दार उघडते. तो आत पाऊल टाकतो आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. मग म्हणतो, "दार लाव, गारठा येतोय." ती विचारते, "जेवलात का?" बस. त्या न बोलण्यावर जाणकारांनी रकानेच्या रकाने भरले होते.

खरं काय ते घरातल्यांनाच ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी एका दुपारच्या खेळाला थोरले ते वाक्य साफ विसरले होते. विंगेत वही घेऊन बसलेल्या आत्याचा नेमका डोळा लागला होता. भेदरलेल्या दिवेवाल्याने आकडे मोजले, अकराव्याला थोरल्यांना वाक्य सापडलं, आणि टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवसापासून अकरा कायम झाले. दिवेवाला अकराव्याला निळा दिवा चढवी. समोरची बाई अकराव्याला श्वास सोडी. आता विंगेतल्या खुर्चीवर बसून थोरले मांडीवर बोटाने मोजत. धाकट्यांनी कधी घाई केली तर घरी जेवताना ताटातून डोकं वर न काढता म्हणत, "आज दोन खाल्लेस."

पंचावन्न वर्षांचा माणूस त्यावर पुढचा घास घेई.

त्या वर्षी एका बाहेरच्या दिग्दर्शकाने त्यांना भूमिका वाचायला दिली. तीनच प्रवेश. टपाल कचेरीतला कारकून. वाचताना धाकट्यांचे डोळे भरून आले, कारण त्या कारकुनाचा बाप नाटकात कुठेच नव्हता. पण दिग्दर्शक आडपडदा ठेवणारा नव्हता.

"वडिलांचं तुम्ही हुबेहूब करता. तुमचं काय आहे, ते मला अजून दिसलेलं नाही. रविवारी येतो. एक वाक्य तुमचं ऐकू द्या, मग ठरवू."

धाकट्यांनी हे फक्त बायकोला सांगितलं. ती सून म्हणून घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला ते दार उघडायला शिकवलं होतं. एकोणीस वर्षं नाटकातही तीच त्यांची बायको. लुगड्याची किनार शिवता शिवता, तोंडात टाचण्या धरून ती म्हणाली, "बोलून टाका सरळ. मी आहे ना."

रविवारी तिने दार उघडलं. धाकट्यांनी आत पाऊल टाकलं आणि लगेच, दमून घरी आलेला कुठलाही माणूस बोलेल तसं, म्हणाले, "दार लाव, गारठा येतोय." आवाज किंचित बारीक होता, काहीसा नाकातला. घरी टॉवेल मागतानाचा. रंगमंचावर तो त्यांनी प्रथमच ऐकला, आणि खांद्यांवरचा कोट क्षणभर कुणाचाच नव्हता.

आता तिने विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. ती त्यांच्याकडे एकटक बघत होती आणि तिचे ओठ अगदी बारीक हलत होते. चार. पाच. त्यांनी नजरेनेच तिला बोल, बोल म्हटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की सहा आणि सात आपणही मोजले. अकराव्याला निळा दिवा चढला, तिने श्वास सोडला आणि विचारलं, "जेवलात का?"

सगळं नाट्यगृह उभं राहिलं.

रंगपटात येऊन दिग्दर्शकाने त्यांचे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे ओले होते. "ती शांतता तुम्ही बाईंना देऊन टाकलीत. हे थोरल्यांनासुद्धा सुचलं नसतं. तुम्हाला इथून उचललं तर लोक मला जोड्याने मारतील." ती चूक होती, असं धाकटे सांगू लागले, त्याला तो विनय वाटला. आरशापुढचे भूमिकेचे कागद त्याने हळूच काखेत घेतले. ते आता दुसऱ्या कुणाला द्यावे लागणार होते.

बायको कोपऱ्यात उभी होती. "मी ठरवून गेले होते हो," ती म्हणाली. "पण दार उघडलं की पोटातून आकडे सुरू होतात. थांबवताच येत नाहीत."

"माहितेय," धाकटे म्हणाले.

आत्याचा हात धरून थोरले आले. खुर्चीत टेकले, गुडघे चोळले, मुलाकडे बघितलं. विंगेत बसून त्यांना सगळं कळलं होतं की काहीच नाही, हे त्या चेहऱ्यावरून सांगणं कठीण होतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "उद्यापासून असंच. आधी वाक्य, मग अकरा. दिवेवाल्याला सांगून ठेव."

धाकट्यांनी कोट उतरवला. खांद्यांतला कापूस घामाने बसून चपटा झाला होता. त्यांनी तो बाहेर काढला, बोटांनी पिंजून फुगवला, आणि उद्याच्या खेळासाठी पुन्हा आत भरला.